जमीन मे महिन्यात बघावी

जुलै लागला की माझा फोन थांबत नाही. माळशेज घाटातल्या धबधब्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते आणि सोमवारी त्यातल्याच कुणाचा तरी फोन येतो, ‘‘जुन्नरकडे एखादा एकर बघा ना. डोंगर दिसला पाहिजे. पाणी दिसलं तर उत्तमच.’’ मी जमीन दाखवतो. इसार मात्र देऊ देत नाही. ‘‘मे महिन्यात पुन्हा या, भर दुपारी या, मग बोलू,’’ असं सांगतो. काही जण परत येत नाहीत, दुसऱ्या एजंटाकडे जातात. जे येतात त्यांच्याशी माझा व्यवहार होतो आणि तो बहुतेक टिकतो.

पावसाळ्यात आमच्याकडची सगळीच जमीन एकसारखी दिसते. आहुप्याचा कडा, नाणेघाट, भीमाशंकरचं जंगल हा पश्चिमेचा पट्टा धुवाधार पावसाचा. तिथून पूर्वेला सरकत गेलं की पाऊस झपाट्याने उतरतो. बेल्ह्याच्या पुढे आणे पठारावर पोहोचलात की तोच जुन्नर तालुका ओळखू येत नाही. बाजरी, मटकी आणि टँकरची वाट. रंगदास स्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीसाठी हजारो माणसं आण्याला जातात. पठारावरचे लोक किती मोठ्या मनाचे आहेत ते तिथे जेवल्यावर कळतं. त्यांना पाणी किती लांबून आणावं लागतं, ते कळायला उन्हाळा बघावा लागतो. ऑगस्टमध्ये पठारावर गवत हलताना पाहून ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून घेतलेली जमीन पुढची अनेक वर्षं कुंपणाच्या खांबांसह तशीच पडून राहिलेली मी पाहतो. तो पैसा शहरातल्या माणसाचा असतो, पण जमीन पडीक पडते ती गावाची.

म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच मोठी धरणं आहेत. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, आरेवर पिंपळगाव जोगा आणि घोडवर डिंभे. एवढं पाणी आहे म्हणून जमिनीला पाणी आहेच, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात हे पाणी कालव्यांनी पारनेर, शिरूर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत जातं. आवर्तन कधी सुटणार यावर इथलं राजकारण फिरतं. धरणाच्या काठच्या गावाला पाणी डोळ्यांना दिसतं आणि उन्हाळ्यात ते डोळ्यांदेखत लांब जातं.

‘बॅकवॉटर टच’ या दोन शब्दांवर दर दुप्पट होतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. पाणी मागे हटल्यावर जी जमीन उघडी पडते ती संपादित झालेली, पाटबंधारे खात्याची जमीन असते. आसपासचे शेतकरी तिथे गाळपेर करतात. ती कुणाला विकता येत नाही. तुमची हद्द आणि पाणी यांच्यामध्ये हा सरकारी पट्टा राहणारच. शिवाय धरणांच्या लाभक्षेत्रातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा असतो. तो असेपर्यंत परवानगीशिवाय खरेदीखत होत नाही. हे शेरे लोकांना जाच वाटतात, मी मात्र त्यांच्याकडे आदराने बघतो. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जुनं आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. त्या माणसांना कुठेतरी जमीन द्यायची होती, त्यासाठीची ती तजवीज आहे.

विहीर बघायची ती तळ दिसत असताना. विकणारा ‘बारमाही पाणी’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्या दोन बिघे कांद्याला ते पुरतंही असेल. तुमचा बंगला, लॉन आणि पोहण्याचा हौद त्यात धरलेला नसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथली जुनी विहीर सहसा एकट्याची नसते. चुलत्यांमध्ये चार आणे, आठ आणे असे हिस्से असतात, मोटारीची पाळी ठरलेली असते. खरेदीखतात विहिरीतला हिस्सा, पाइपलाइन आणि वीजजोड यांचा उल्लेख झाला नाही, तर रान तुमचं होतं आणि पाणी भावकीकडे राहतं. मग भांडण सुरू होतं आणि ते करणारी दोन्ही माणसं चांगली असतात.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. त्यात खरेदीदारापेक्षा विकणाऱ्या शेतकऱ्यांशी मला जास्त बोलायचं आहे. पुणे-नाशिक महामार्गालगत, मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात पैशांची गरज पडली की घरातली पहिली सूचना हीच येते : रस्त्याकडचा तुकडा काढू, त्याला दर चांगला आहे. मुलीचं लग्न, दवाखाना, सोसायटीचं कर्ज, जे असेल ते भागतं. पाठीमागचं दीड एकर मात्र कोंडलं जातं. पुढे घेणारा कंपाउंड घालतो, ट्रॅक्टर आत जात नाही, टोमॅटोचे क्रेट डोक्यावरून वाहावे लागतात आणि पाच वर्षांनी तेच दीड एकर मातीमोल दराने त्याच शेजाऱ्याला द्यावं लागतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो, वहिवाटीचा रस्ता अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधार आहे. पण त्या फेऱ्यांत शेतकऱ्याचे हंगामच्या हंगाम जातात. त्यापेक्षा रस्त्याकडचं विकताना स्वतःसाठी दहा-बारा फुटांची वाट राखून ठेवा, ती मोजणीच्या नकाशात दाखवा आणि खतात लिहून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी हे सांगतो. त्यामुळे दर थोडा पडतो, माझी दलालीही थोडी पडते. पडू दे.

गुंठेवारीबद्दल थोडक्यात. 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे, 2023 साली प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे झालं, त्यानंतरही नियम हलत राहिले आहेत. एक गुंठा, दोन गुंठे स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देणारी माणसं तालुक्यात आहेत. त्या कागदावर सातबारा होत नाही. आज काय चालतं ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन विचारा, चहाच्या टपरीवर नको. आणि घेणारा शेतकरी नसेल तर शेतजमिनीचं खरेदीखत होण्याआधीच 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. आजोबांच्या नावचा जुना उतारा शोधून आणा, मग जमीन शोधू.

आता बहिणींचं. या विषयावर माझं आणि माझ्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांचं पटत नाही.

वारस म्हणून बहिणींची नावं सातबाऱ्यावर लागलेली असतात. व्यवहार ठरतो, दर ठरतो, इसार होतो आणि मग भाऊ म्हणतो, ‘‘बहिणींचं काही नाही हो, त्या काय मागणार? हक्कसोड करून देतील. साडीचोळी करू.’’ महाराष्ट्राने 1994 सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता, 2005 साली तो देशभर झाला आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, 2005 साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. कायदा एवढा स्वच्छ असताना बहिणीला सही करायलाच बोलावायचं, तेही आदल्या रात्री फोन करून, हे मला मान्य नाही. इसार घेण्याआधी मी प्रत्येक बहिणीशी स्वतः बोलतो. शक्यतो तिच्या सासरी जाऊन आणि भाऊ सोबत नसताना. ‘‘ताई, एवढ्याला जमीन चालली आहे. तुमचा कायद्याने एवढा हिस्सा होतो. सोडायचा की घ्यायचा हे तुम्ही ठरवा.’’ एवढंच.

बहुतेक जणी सोडतात. माहेरचं दार बंद होईल, ही भीती मी त्यांच्या तोंडून ऐकतो. काही जणी घेतात आणि आभाळ कोसळत नाही. ओतूर भागातल्या एका व्यवहारात तिघी बहिणी होत्या. दोघींनी हक्क सोडला. तिसरी, सगळ्यात थोरली, म्हणाली, ‘‘पैसे नकोत मला. बांधाला आई-आप्पांची समाधी आहे. तिथं दिवा लावायला जायला कुणी अडवायचं नाही, एवढं लिहून द्या.’’ भावाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. वकिलांना सांगून समाधीची जागा आणि तिथपर्यंतची पायवाट खतात घातली. घेणारे ठाण्याचे होते, त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. आता दर अमावस्येला तिथे दिवा लागतो आणि कधी ती आली नाही तर घरातली वहिनीबाई स्वतः लावते. वहिनीबाई म्हणजे ठाणेकरांची पत्नी. गावाने त्यांना हे नाव दिलं आहे.

पश्चिमेकडच्या डोंगरातल्या जमिनीची मागणी सगळ्यात जास्त आहे आणि तिथे मी जमिनी दाखवत नाही. कारणं दोन. एक, तो महादेव कोळी, ठाकर, कातकरी लोकांचा मुलूख आहे. भातखाचरं आणि हिरड्याची झाडं यांवर त्यांचं वर्ष निघतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जात नाही. याला वळसा घालण्यासाठी दुसऱ्या आदिवासीच्या नावावर जमीन घ्यायची, कुलमुखत्यारपत्र आपल्याकडे ठेवायचं, अशा वाटा काढल्या जातात. ही वाट दाखवणाऱ्याला मी एजंट म्हणत नाही.

दुसरं कारण माळीण. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं आणि दीडशे माणसं गेली. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. कशामुळे झालं यावर जाणकारांनी खूप लिहिलं. मी जाणकार नाही. पण डोंगरउतार कापून, सपाट करून, वर मुरूम टाकून ‘हिल व्ह्यू’ प्लॉट पाडलेले दिसतात, तेव्हा मला वाचलेल्या लोकांसाठी आमड्याला वसवलेलं नवं माळीण आठवतं आणि त्या रचलेल्या मातीत पावसाचं पाणी कुठून शिरेल, हेच मी बघत राहतो. उतारावर घर बांधायचं असेल तर आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की पूर्वी तिथे कुणी घर का बांधलं नाही.

रेल्वेचं एका परिच्छेदात उरकतो. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी झाली तेव्हा मंचर-नारायणगाव पट्ट्यात दर असे वाढले की सख्खे भाऊ बांधावर उभे राहून मोजणी मागू लागले. मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा प्रश्न आला. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातले अगदी क्षीण संकेत टिपतात, रेल्वेच्या विजेचा त्रास त्यांना होणार. मार्ग बदलण्याची भाषा सुरू झाली. ज्यांनी स्टेशनच्या भरवशावर घेतलं त्यांचे पैसे अडकले. ज्या जमिनीत आज ऊस, द्राक्ष, टोमॅटो पिकतो तिला आजचीच किंमत आहे, तेवढीच द्या.

‘‘बिबट्या येतो का?’’ हे सगळे विचारतात. येतो. उसात त्याचा संसार आहे, पिल्लं उसातच होतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. आमच्याकडे माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत, त्यामुळे याला रोमांचक म्हणणाऱ्या पाहुण्याला मी जमीन दाखवायला नेत नाही. शेतीची वीज रात्रीची असते तेव्हा आमचा माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला त्याच उसात जातो. दिवसा वीज ही मागणी किती वर्षांची आहे ते इथे राहायला आल्यावर कळेल. राहायला येणार असाल तर गोठा बंदिस्त करा, अंधार पडल्यावर वाकून काम करू नका, आणि शेजाऱ्याने रात्री हाक मारली तर बाहेर या.

शेवटचं मुंबईकरांसाठी. या दोन तालुक्यांतली, खेड-मावळातली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईत डबे पोचवतात. त्यांची नातवंडं आता कल्याण-डोंबिवलीत फ्लॅट घेण्यासाठी गावाकडची जमीन काढायला माझ्याकडे येतात. त्यात गैर काही नाही, आजोबा पायी चालले म्हणून नातवाने भाड्याच्या खोलीत राहावं असं थोडंच आहे. माझी विनंती एवढीच असते की रान विका, गावठाणातलं घर विकू नका. त्याला पैसे फारसे येतही नाहीत. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली आहेत, घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. दिवाळीला याल तेव्हा ग्रामपंचायतीत आणि भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन तुमच्या घरावर कुणाचं नाव लागलं आहे ते बघा. घर बंद असेल तर शेजारच्या चुलत्याचं नाव लागलेलं असू शकतं, आणि ते दुरुस्त करायला आजोबांना ओळखणारी माणसं गावात आहेत तोवरच सोपं आहे.