आमचा मोती कुठे बाहेर जातो?

"आमचा मोती कुठे घराबाहेर जातो हो? त्याला कशाला दरवर्षी सुया टोचायच्या?"

भिवंडीत लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज एकदाचं लिहूनच टाकतो. बोलणारे अडाणी नसतात. बीई, एमबीए, नवराबायको दोघांनाही बरा पगार. पिल्लू घेताना हजारो रुपये मोजलेले, वाढदिवसाला केक, शंभर फोटो. लशीचं कार्ड मात्र कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते देवालाच ठाऊक!

हाच माणूस ऑफिसात म्हणेल का, "सर्व्हर इंटरनेटला जोडलेला नाही, पॅच कशाला मारायचा?" नाही म्हणणार. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो हे त्याला पक्कं माहीत असतं. मग मंडळी, तुमचे बूट म्हणजे पेन ड्राइव्हच की :)

पार्वोचंच घ्या. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू रस्त्यावर पडतो, महिनोन्महिने टिकतो आणि आपल्या हँड सॅनिटायझरला दाद देत नाही. मोती बाहेर जात नसेल, तुम्ही जाता ना? लस न दिलेलं पिल्लू उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं.

दुसरा लेप्टो. भिवंडी म्हणजे गोदामं, आणि गोदाम तिथे उंदीर. पावसात तुंबलेल्या पाण्यात त्यांचं मूत मिसळतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची साथ आली होती, आठवतंय? तोच रोग कुत्र्याची मूत्रपिंडं आणि यकृत बिघडवतो. वर त्याच्या लघवीतून तो घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. उंदराला तिसऱ्या मजल्यावर यायला लिफ्ट लागत नाही.

तिसरे गोचीड. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालतो आणि आख्खी पिढी तुमच्या वन बीएचकेमध्ये वाढवतो. त्यातून टिक फीव्हर. त्यावर कोणी रॉकेल चोळतं! कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो ते वेगळंच.

आणि रेबीज? कुरिअरवाल्यासाठी दार उघडं राहिलं, मोती खाली पळाला, एक चावा. बस्स. लक्षणं दिसल्यावर कुत्र्याला काय नि माणसाला काय, वाचवणारं औषध नाही. लस मात्र आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, वर्षाने पुन्हा, पुढे डॉक्टर सांगतील तशी.

"पण डॉक्टर उगाच जास्त लशी देतात.." हा मुद्दा अगदीच खोटा नाही. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटनाच सांगते की पहिल्या वर्षाचा कोर्स आणि बूस्टर नीट झाला असेल तर पार्वो-डिस्टेंपरची लस तीन वर्षांतून एकदा पुरते. लेप्टोची मात्र दरवर्षी लागते. तर हे डॉक्टरला तोंडावर विचारा ना! प्रश्न विचारणं वेगळं आणि दवाखान्याची पायरीच न चढणं वेगळं.

"वेळ कुठाय?" अंजूरफाट्याचं ट्रॅफिक मलाही माहीत आहे, राव. पण वेळ नाही म्हणून कुत्र्याला घरातली आयबुप्रोफेनची गोळी देणारे महाभाग आहेत. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, मूत्रपिंडं निकामी करते. त्यानंतर दवाखान्यात जो वेळ जातो, त्याचा हिशेब करा.

असो. आज सुट्टी आहे. कार्ड शोधा, शेवटची तारीख बघा. मोतीचे कान आणि पायाच्या बोटांमधल्या फटी तपासा. हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या, ते बघा. दहा मिनिटांचं काम. तेवढंही जमत नसेल तर केकचे फोटो टाकू नका, प्लीज.