कंचेभागुबेव

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते गणित पुन्हा आलं : ८ ÷ २(२+२) = ? २०१९ मध्ये याच गणितावरून ट्विटरवर मोठा वाद झाला होता. आता तो आमच्या घरात. भाचा म्हणे १६, दीर म्हणत १. शेवटी ठरलं, "वहिनींनाच विचारा, त्या शाळेत होत्या."

मंडळी, मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. गणिताला कोणी नसलं की पाचवीचा तास माझ्या गळ्यात पडायचा. पदावली सोडवताना मी मुलांकडून घोकून घेत असे : कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मंत्रच तो!

एकदा चाचणीत १० − ३ + २ असं गणित घातलं. एका मुलीने उत्तर लिहिलं ५. मी फुली मारली. ती वही घेऊन आली. "बाई, बेरीज आधी ना? ३ आणि २ पाच, दहातून पाच गेले." मी म्हटलं, "उलट बोलू नकोस, उत्तर ९ आहे." ती गप्प बसली. वर्षभर तिने पुन्हा काही विचारलं नाही.

उत्तर ९ च आहे. पण तिने मी सांगितलेलंच तंतोतंत केलं होतं! बेरीज-वजाबाकी एकाच पंक्तीतल्या, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. हे त्या मंत्रात कुठेच नाही. अमेरिकेतल्या माझ्या नातीच्या मंत्रात तर गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. अक्षरशः पाळलं तर १२ ÷ ३ × २ चं उत्तर तिथे २ येईल, आपल्याकडे ८. बरोबर ८ च.

माझं स्पष्ट मत असं, की मंत्र आधी शिकवू नये. आधी बाजार शिकवावा. ५० रुपये घेऊन गेलो, १५ रुपयांच्या दोन वह्या घेतल्या, उरले किती? ५० − २ × १५. पन्नासातून दोन वजा करून पंधराने गुणणारा गिऱ्हाईक मी पाहिलेला नाही. गुणाकार आधी का, ते पोराला तिथेच कळतं.

आणि हेही सांगावं, की ३ + ५ आणि ५ + ३ सारखेच, हा संख्यांचा गुणधर्म. तो कुणी ठरवलेला नाही. कोणती क्रिया आधी, हा मात्र माणसांनी लिहिण्या-वाचण्याच्या सोयीसाठी केलेला करार. १० − ३ + २ म्हणजे दहा, उणे तीन आणि दोन यांची बेरीज, असं समजावलं तर कुठूनही सुरुवात करा, ९ च येतात. एवढं मी त्या मुलीला सांगितलं असतं तर...

ग्रुपवर मी लिहिलं : शाळेच्या नियमाने १६. पण २ आणि कंस चिकटून आले की तो गुणाकार आधी धरणारेही आहेत, त्यांचं १. लिहिणाऱ्याने आणखी एक कंस घातला असता तर भांडण झालंच नसतं. दिरांनी अंगठा दाखवला, भाच्याने अजून नाही.

असो. तुमच्या घरी पाचवीतलं कुणी असेल तर १० − ३ + २ घालून बघा. ५ आले तर रागवायच्या आधी "कसं केलंस?" एवढं विचारा. मी विचारलं नव्हतं.