मोगलाई संपली असे कोण म्हणतो?

उदगीरच्या एखाद्या लेकीला न्यायालयाने पोटगी मंजूर केली आणि नवरा सरहद्दीपलीकडे, कर्नाटकातल्या भालकीला राहतो, असे धरा. सकाळी बसने गेलेला माणूस दुपारी जेवायला परत येईल, एवढेच हे अंतर. पण वसुलीचे वॉरंट तिकडे गेले की महिनोन्महिने गडप होते आणि पाठीवर एक ओळ घेऊन परत येते : ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ शोधायला कोण गेले, कधी गेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारले का, याचा पत्ता नाही. त्याच इसमाने ट्रॅक्टरचा हप्ता थकवू द्या, फायनान्सवाले संध्याकाळच्या आत दारात हजर! सावकाराला सापडणारा माणूस सरकारलाच तेवढा सापडत नाही?

1948 पूर्वी हा सारा मुलूख निजामाचा. सोलापूर-बार्शीच्या कोर्टाचा निकाल इथे कायद्याच्या लेखी परकीय होता. ती अडचण खरी होती. राज्यघटनेने 261व्या कलमात ती मोडून काढली : देशातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल देशभर बजावता येतो. आणि आजची ही सरहद्द तरी किती जुनी? 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचे तालुके होते. आज तेलंगणात असलेले मुधोळ, भैंसा नांदेडात होते. नकाशा एका दिवसात बदलला, सोयरिकी बदलल्या नाहीत. देगलूर-बिलोलीच्या लेकी आजही तेलंगणात नांदायला जातात.

कायदा तोकडा आहे, ही सबब आम्हाला सांगू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 21व्या ऑर्डरचा पाचवा नियम म्हणतो की हुकूमनामा परराज्यातल्या न्यायालयाकडेही थेट पाठवायचा. पोटगीचा मार्ग तर त्याहून सोपा. नागरिक सुरक्षा संहितेच्या 147व्या कलमाप्रमाणे बुडव्या जिथे असेल तिथला कोणताही दंडाधिकारी वसुली करू शकतो. मग घोडे पेंड कुठे खाते? नाझराच्या टेबलावर, पोलीस ठाण्याच्या आवक नोंदवहीत आणि मराठी हुकूम कन्नड-तेलुगूत कोणी करून द्यायचा या टोलवाटोलवीत. भाषांतराचा खर्च शेवटी त्या बाईच्याच पदरी. पोटगी मिळायच्या आधी तिनेच पैसे मोजायचे!

हुकूमनाम्याच्या बजावणीची दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले. 2025 मध्ये त्याच न्यायालयाने हिशेब मागितला, तर देशात 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती तुंबलेल्या निघाल्या. त्यातल्या सर्वाधिक, सुमारे 3 लाख 41 हजार, आमच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत. पुरोगामी महाराष्ट्र म्हणून टिमकी वाजवणाऱ्यांनी हा पहिला नंबर मखरात बसवावा.

मुंबई, कर्नाटक आणि तेलंगणा या तिन्ही उच्च न्यायालयांनी एकत्र बसून नांदेड, लातूर, बीदर, निजामाबाद आणि निर्मल येथे परराज्यातल्या वॉरंटांसाठी एकेक जबाबदार अधिकारी नेमावा. वॉरंट निघेल त्याच दिवशी संगणकावरून तिकडे पोहोचले पाहिजे, भाषांतर न्यायालयाच्या खर्चाने झाले पाहिजे. आणि ‘मिळून आला नाही’ हा शेरा हवालदाराच्या सहीवर मुळीच चालता कामा नये. पोलीस अधीक्षकाने स्वतः सही करावी आणि गावात शोध कोणी, कोणत्या तारखेला घेतला, हे त्या सहीखाली लिहून द्यावे.