बोंबलाला डाकगाडीत कोणी बसवले?

औंध-रावेत बीआरटी रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या मेनूकार्डावर या आठवड्यात पुन्हा तीच लोणकढी थाप दिसली. 'बॉम्बे डक फ्राय', आणि खाली बारीक अक्षरांत इतिहास: सुके बोंबील मुंबईहून डाकगाडीने जायचे, डबे घमघमायचे, म्हणून साहेब त्यांना 'बॉम्बे डाक' म्हणू लागला. डाकचे झाले डक.

पुढे काय येणार, हे या स्तंभाच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तारखा!

बोरीबंदर-ठाणे गाडी धावली 16 एप्रिल 1853 रोजी. बोरघाटातले रूळ जोडले गेले 1863 मध्ये, मुंबई-कलकत्ता मार्ग 1870 मध्ये. आणि छापील इंग्रजीत 'बॉम्बे डक' भेटते 1815 च्या सुमारास. गाडी यायच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधीच डब्याला वास सुटला म्हणायचा! काही जण तर हे बारसे रॉबर्ट क्लाइव्हच्या नावावर खपवतात. तो 1774 सालीच वारला.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलात बदक दिसायला साहेबी थट्टाच हवी. तशी थट्टा त्यांच्या घरी आधीपासून होतीच. 'वेल्श रॅबिट' म्हणजे पावावर वितळवलेले चीज. सशाचा पत्ता नाही. वेल्श माणसाला मटण परवडत नाही, हा त्यातला टोमणा. हे नाव 1725 मध्ये सापडते. पुढे शहाण्यांना ससा खटकला आणि 1785 पर्यंत त्यांनी 'रेअरबिट', म्हणजे दुर्मीळ घास, असा सभ्य अर्थ काढला. चीजवाल्यांनी सशाचे जे केले, तेच बोंबीलवाल्यांनी बदकाचे केले: विनोद कळला नाही, म्हणून इतिहास रचला.

1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हाच मासा 'बमेलो' नावाने आहे. बोंबीलचाच तो उच्चार. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या नोकरदारांना 'डक्स' म्हणत, हेही तिथेच नोंदले आहे. मासा साहेबालाच चिकटला. डाकगाडीचा संबंध कुठे येतो?

पण आपल्याकडे शब्दामागे साहेब आणि आगगाडी असल्याशिवाय तो भारदस्त वाटत नाही. जलपर्णीने झाकलेल्या पवनेकाठी 'रिव्हर व्ह्यू' विकणाऱ्या रावेतकडून वेगळी अपेक्षा तरी कशी करावी?

हॉटेलमालकांनी पुढच्या छपाईत डाकगाडी वगळावी आणि त्या जागी बोंबील ताजा की सुका, एवढे लिहावे. ताजा असेल तर वजनाखाली दाबून पाणी नीट काढलेले असावे. गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजते.