दूध ओतणारी बाई आणि आपला चित्रवर्णनाचा तास



चित्रवर्णनासाठी आपण साधारण कोणती चित्रं घेतो? जत्रा, बाग, बसस्थानक, भाजी मंडई. चित्रात गर्दी असली की मुलांना दहा वाक्यं पटापट मिळतात. ‘चित्रात एक झाड आहे. चित्रात एक फुगेवाला आहे.’ झालं वर्णन! माझं मत असं आहे की वर्षातून निदान एकदा तरी, जवळजवळ काहीच घडत नाही असं चित्र मुलांपुढे ठेवावं. आणि ते घरकामाचं असावं.

यंदा चौथीच्या वर्गात मी योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं चित्र घेतलं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात त्याने ते १६५८ च्या सुमारास रंगवलं. आज ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. मूळ चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच आणि ४१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या चार्टपेपरच्या निम्म्याहूनही लहान. त्यात एक धट्टीकट्टी बाई खिडकीशेजारी उभी राहून मातीच्या भांड्यात दूध ओतते आहे. टेबलावर पाव आहेत, पावाचे तुकडे आहेत. बस, एवढंच.

आधी नावाचं बघू. इंग्रजीत या चित्राला ‘मिल्कमेड’ म्हणतात, म्हणून आपल्याकडे कोणी ‘दूधवाली’ लिहितं, कोणी ‘गवळण’. दोन्ही चूक. ही बाई दूध विकत नाही, गाईही राखत नाही. ती एका घरात स्वयंपाकपाणी करणारी मोलकरीण आहे. हे आधी सांगितलं नाही तर मुलं तिला लगेच ‘आई’ करून टाकतात. मग निबंधमालेतली मायेची वाक्यं सुरू होतात आणि चित्र बाजूलाच राहतं.

मी वर्गाला एकच अट घातली होती. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. पहिलं मिनिट चुळबुळीत गेलं. पण नंतर जे बाहेर आलं ते ऐका. “बाई, खिडकीची एक काच फुटलीय.” “तिने बाह्या वर सारल्यात.” “हात मनगटापर्यंत लाल आहेत, वर गोरे आहेत.” रोज पाण्यात, उन्हात असलेले हात मुलांनी बरोब्बर ओळखले. एकाला मागच्या भिंतीवरचा खिळा दिसला. “तिथे आधी कॅलेंडर असणार!” कॅलेंडर नसेल, पण व्हर्मीरने तो खिळा, त्याची सावली आणि जुन्या खिळ्यांची भोकंसुद्धा काढली आहेत, हे खरं.

मग पावाच्या तुकड्यांवर चर्चा. शिळा पाव दुधात घालून ती काहीतरी गोड पदार्थ करते आहे, असं काही अभ्यासकांचं मत आहे. आमच्या वर्गाने ते न वाचताच सांगितलं, “शिळ्या भाकरीचा काला करतात तसं.”

मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती या चित्रातली खोडाखोड. २०२२ मध्ये संग्रहालयाने चित्राच्या तपासणीतून निघालेली माहिती जाहीर केली. बाईच्या डोक्यामागे आधी चंबू टांगायची फळी होती आणि खाली जमिनीवर शेगडीवर ठेवायची टोपली. दोन्ही वस्तू चित्रकाराने नंतर रंगाखाली झाकून टाकल्या. राहिली कोरी भिंत, ती बाई आणि दुधाची बारीक धार. निबंधात मुलांना आपण सतत ‘अजून लिही, अजून लिही’ म्हणतो. काढून टाकायला कधी शिकवतो का आपण?

दुसरी गोष्ट रंगाची. तिच्या कमरेचं निळं वस्त्र बघा. त्या निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून युरोपात जायचा. त्या काळातला हा अतिशय महागडा रंग. त्या काळच्या डच चित्रांत मोलकरीण बहुधा दिसायची ती आळशी, पेंगणारी नाहीतर उनाड. निकोलास माएस या चित्रकाराने १६५५ मध्ये असंच पेंगणाऱ्या मोलकरणीचं चित्र काढलं, खुद्द व्हर्मीरनेही एक झोपलेली मोलकरीण रंगवली आहे. तेव्हा त्याला समाजसुधारक वगैरे ठरवायची गरज नाही. पण या चित्रात तो तिला हसत नाही, आणि तिची आरतीही ओवाळत नाही. ती आपल्याकडे बघतसुद्धा नाही. तिचं लक्ष धारेवर आहे, आणि ते तसंच असायला हवं.

हा तास झाल्यावर एका पालकांचा मेसेज आला, ‘मॅडम, थोर नेत्यांची चित्रं सोडून मुलांना कामवालीचं चित्र कशाला?’ प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर इथे सविस्तर देते. माझ्या वर्गात काही मुलांच्या आया धुणीभांडी, पोळ्यांची कामं करतात. वर्गात ‘आई काय करते?’ विचारलं की त्यातली मुलं ‘घरीच असते’ म्हणून खाली बसतात. त्या दिवशी त्यांच्यातलीच एक मुलगी म्हणाली, “ती हळू ओततेय कारण दूध दुसऱ्यांचं आहे. सांडलं तर बोलतील.” वर्गात हे एवढ्या खात्रीने दुसरं कोणीच सांगू शकलं नसतं. त्या तासाला जाणकार ती होती. थोर नेत्यांच्या चित्रांनी मला हे मिळवून दिलं नसतं.

२०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतात असं चित्र आलं. चांगलंच झालं, ते हवंच होतं. पण ते चित्र काय सांगायचं ते एका नजरेत सांगून मोकळं होतं. व्हर्मीरचं चित्र घाई करत नाही, म्हणून मुलंही थांबतात.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारातली प्रत फुकट उतरवता येते. प्रोजेक्टर नसेल तर रंगीत प्रिंट काढा. कृष्णधवल झेरॉक्स मात्र नको, तिचा निळाच जातो.

नंतर मी गृहपाठ दिला तो असा: घरातलं कुठलंही एक काम, कोणीही करत असलेलं, पाच मिनिटं बघायचं आणि सहा ओळी लिहायच्या. ‘महान’, ‘कष्टाळू’, ‘दिवसरात्र’ हे शब्द बंद. एकाने लिहिलं, ‘बाबा इस्त्री कॉलरपासून सुरू करतात.’ दुसऱ्याने आजीच्या तांदूळ निवडण्यावर लिहिलं, खडा सापडला की ती तो ताटाच्या काठावर ठेवते, लगेच टाकत नाही. एका मुलीने त्यांच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींवर लिहिलं. करपलेली कढई त्या आधी भिजत घालतात आणि शेवटी घासतात. वहीत वर ‘मावशी’ असं लिहून खोडलं होतं आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. ते त्यांना विचारून लिहिलंय, असं तिने मला सांगितलं.