आधी हक्क सोडला, मग मैत्री

31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत दोन परराष्ट्रमंत्र्यांनी एका करारावर सह्या केल्या. भारताकडून यशवंतराव चव्हाण, पोर्तुगालकडून मारियो सोआरिश. दोघेही तुरुंग भोगलेले; एक इंग्रजांचा, दुसरा स्वतःच्याच देशातल्या हुकूमशाहीचा. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले, तेही गोवा मुक्त होऊन तेरा वर्षे उलटल्यावर. याच करारात पोर्तुगीज भाषा-संस्कृतीला उत्तेजन देण्याचा आणि तिथल्या ऐतिहासिक व धार्मिक वास्तू जपण्याचा उल्लेख होता. यंदाच्या दिवाळी अंकातला गोवा विभाग त्या उल्लेखापासून सुरू होतो.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने संस्कृतीलाच ताब्याचा पुरावा बनवले होते. 1951 मध्ये ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तू फ्रेयरी पोर्तुगीज सरकारचे पाहुणे म्हणून गोव्यात आले. पोर्तुगीज जिथे गेले तिथे एक नवी, मिश्र संस्कृती जन्मली, असे त्यांनी पणजीच्या वास्को द गामा संस्थेतल्या व्याख्यानात मांडले. लिस्बनला एवढेच हवे होते. गोवा ही वसाहत नाहीच, तो समुद्रापारचा पोर्तुगालच, असे जगाला सांगता येणार होते. पुढे सरकारनेच पाठवलेले भूगोलतज्ज्ञ ओर्लांदू रिबैरू यांनी 1956 च्या अहवालात मात्र पोर्तुगीज बोलणारे गोव्यात थोडेच असल्याचे स्वच्छ लिहिले. तो अहवाल छापून निघायला 1999 साल उजाडले.

आणि ज्या संस्कृतीचे एवढे गोडवे गायले जात, तिच्या राज्यात लग्नपत्रिका छापायलासुद्धा सेन्सॉरची परवानगी लागे.

गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. 1955 मध्ये पकडल्यावर त्यांना पुढे लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात ठेवले गेले. सुधीर फडक्यांसारख्यांनी त्यांच्यासाठी जिवाचे रान केले, तेव्हा कुठे 1969 मध्ये सुटका झाली. त्याच किल्ल्यात पोर्तुगीज राजकैदीही खितपत पडले होते. 25 एप्रिल 1974 ला लिस्बनमध्ये सैनिकांनी राजवट उलथली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली आणि दोन दिवसांत काशियशचे दरवाजे उघडले. ज्या राजवटीने गोव्याला कोंडले, तिनेच पोर्तुगीजांनाही कोंडले होते. म्हणूनच सोआरिश दिल्लीत आले ते हरलेल्या साम्राज्याचे वकील म्हणून नव्हे, स्वतः सुटलेल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून.

या करारातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी हक्क सोडला, मग भाषेविषयी बोलणे केले. उलट क्रमाने हेच कलम आले असते तर ते गोव्यात कुणीही झुगारून दिले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

जखम तरीही लगेच भरली नाही. 1995 मध्ये फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाने पणजीत कार्यालय उघडले, तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांनी विरोध केला. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, कोठडी सोसली, त्यांच्याकडून याहून वेगळी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. पण वास्को द गामा संस्थेत पाहावे. आता तिला मिनेझिस ब्रागांझा यांचे, म्हणजे सालाझारच्या वसाहत कायद्याला भिडलेल्या गोमंतकीयाचे, नाव आहे. प्रवेशदालनात मात्र निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातली दृश्ये शाबूत आहेत. नाव बदलले, फरशा कुणी फोडल्या नाहीत.

पोर्तुगीज भाषा शिकण्यात मराठी माणसाचा थेट स्वार्थ आहे. शिवाजी महाराजांचा पोर्तुगीजांशी झालेला पत्रव्यवहार असो किंवा संभाजी महाराजांची 1683 ची गोव्यावरची स्वारी, त्यांची कितीतरी साधने पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज हस्ताक्षरात आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचून ती वाचली, म्हणून मराठी इतिहासलेखनाला ती मिळाली. ते 1969 मध्ये गेले. त्यांचे काम पुढे न्यायचे तर ही भाषा यायला हवी, आणि गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवली जाते. इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्या मराठी मुलामुलींनी त्या वर्गात नाव घालावे आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही या अंकाची मागणी आहे.