कंपनीचें वकीलपत्र

आमच्याकडील जुन्या घराण्यांत वकील म्हटला कीं वतनाचे, वाटणीचे व दत्तकाचे दावे डोळ्यांपुढें उभे राहत. परभणीकडील पक्षकार अपिलासाठीं पूर्वीं हैदराबादेस जात, 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आल्यावर मुंबईस जाऊं लागले, आणि 1981 सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, उच्च न्यायालयाचें खंडपीठ आलें तेव्हां त्यांची ही पायपीट कमी झाली. आतां आपल्या मुलांमुलींपुढें वकिलीची एक निराळीच वाट आहे. हे वकील कारखान्याचें, पतसंस्थेचें, कंपनीचें वकीलपत्र घेतात. आणि अशीलावर आरोप असतो तो नदी नासविल्याचा किंवा ठेवी बुडविल्याचा. वडील मंडळी विचारतात, "असल्यांची बाजू मांडायला शिकलांत का?" प्रश्न अगदींच गैर नाहीं, परंतु हें काम चालतें कसें, तें आधीं पाहूं.

गोदावरी या जिल्ह्यांत पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या तालुक्यांच्या कडेनें वाहते. गंगाखेड तर जनाबाईंचें जन्मगांव. उंसामागोमाग साखर आली, साखरेमागोमाग मळी. मळीपासून मद्यार्क काढला म्हणजे दर लिटरमागें 8 ते 15 लिटर काळपट, आंबट पाणी मागें उरतें. कोणत्याहि कारखान्यानें तें तसेंच ओढ्यांत सोडलें तर पाण्यांतील प्राणवायु संपून मासे मरतात, आणि काठच्या विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. महाराष्ट्रानें यासाठीं 1969 सालींच कायदा केला व 1970 सालीं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिलें. अखिल देशाचा कायदा त्यानंतर, 1974 सालचा.

या कायद्यांत पाण्याचा नमुना कसा घ्यावा, हें बारकाईनें सांगितलें आहे. कारखानदारास नोटीस द्यावयाची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे, बाटल्यांवर मोहोर व सह्या घ्यावयाच्या, मग एक भाग प्रयोगशाळेकडे. हें न झाल्यास तपासणीचा अहवाल पुराव्यांत घेतां येत नाहीं. आरोपीचा वकील पहिला हात घालतो तो येथें. लोक याला कावेबाजपणा म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. उद्यां आपल्याच शेजारच्या निरपराध गिरणीवाल्यावर कोणी खोटी बाटली आणून ठेवली, तर त्याला तारणारें कलम हेंच.

दुसरा प्रश्न याहून नाजूक. कंपनीला तुरुंगांत घालतां येत नाहीं, मग घालावयाचें कोणास? कायदा म्हणतो, त्या वेळीं जो कारभार पाहत होता त्यास. आपल्या नकळत गुन्हा घडला, किंवा तो टाळण्याची सर्व खबरदारी आपण घेतली होती, हें त्यानें सिद्ध केलें तर तो सुटतो. म्हणजे सारी मदार कागदांवर: ठरावांची वही, यंत्राच्या दुरुस्तीच्या नोंदी, मंडळाशीं झालेला पत्रव्यवहार. उत्तर प्रदेशांतील मोदी डिस्टिलरीच्या खटल्यांत फिर्याद मूळ कंपनीऐवजीं डिस्टिलरीच्या नांवानें झाली होती, म्हणून उच्च न्यायालयानें ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानें 1987 सालीं ती पुन्हा उभी केली: ही नांवाची चूक सुधारतां येते, आणि मंडळानें विचारलेली माहिती कंपनीनेंच दिली नव्हती. असला तांत्रिक बचाव फार दूर नेत नाहीं, हें तरुण वकिलांनीं ध्यानांत घ्यावें.

भरपाईची गोष्ट वेगळीच. दिल्लींत डिसेंबर 1985 मध्यें श्रीराम कारखान्यांतून ओलियम वायु सुटला, त्यांत तीस हजारी न्यायालयांतील एक वकीलच मृत्यु पावल्याचें सांगण्यांत आलें. पुढील वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, धोक्याचा धंदा करणारानें कितीहि काळजी घेतली असली तरी नुकसान भरून दिलेंच पाहिजे. तेव्हां कसलेला वकील तुरुंग टाळूं शकेल; भरपाई त्याला टाळतां येईलच असें नाहीं.

आतां एक गोष्ट खास आमच्या गृहिणी वाचकांसाठीं. घरचा धंदा 'प्रायव्हेट लिमिटेड' करतांना सासूबाईंचें अथवा सुनेचें नांव संचालक म्हणून सहज घातलें जातें, आणि देवघरांतून बोलावून कागदावर सही घेतली जाते. न वटलेल्या चेकच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें 2005 सालीं सांगितलें कीं, नुसतें संचालक असणें पुरेसें नाहीं. कारभार पाहत असल्याचें फिर्यादींत स्पष्ट मांडलें पाहिजे. पण चेकवर सही ज्याची, त्याला ही सवलत नाहीं. ठेवीदारांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रानें 1999 सालीं केलेल्या कायद्यांत तर संस्थेची मालमत्ता अपुरी पडल्यास संचालकाच्या स्वतःच्या मिळकतीवरहि जप्ती येऊं शकते. राहतें घर कोणाच्या नांवावर आहे, हें अशा वेळीं प्रथम आठवतें! वाचल्याशिवाय सही नाहीं, एवढा हट्ट सुनेनें धरला तर तिला उद्धट म्हणूं नये.

राहिला वडीलधाऱ्यांचा प्रश्न. वकिलांच्या नियमांप्रमाणें, विशेष कारण नसेल तर, योग्य मोबदला देणाऱ्या अशीलाचें काम नाकारूं नये असा दंडक आहे. अशीलानें विश्वासानें सांगितलेलें गुप्त ठेवणें हेंहि बंधन आहे. पण त्याला सीमा आहे. घडून गेलेल्या गुन्ह्याची कबुली वकिलाच्या पोटांत राहते. मात्र "आज रात्रीं नाल्याची झडप उघडावयाची आहे, कागद कसे लावूं?" असें विचारावयास कोणी आला, तर त्या बोलण्याला कायद्याचें संरक्षण नाहीं, 1872 च्या पुराव्याच्या कायद्यांत तें नव्हतें, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागीं आलेल्या कायद्यांतहि नाहीं.